एक चोविसांश

रात्री साडेनऊला भांडुपला घरी पोचलो. बूट काढतोय तोच सातवीतली कन्या वही घेऊन समोर उभी.

"बाबा, १/२ अधिक १/३ किती?"

"हे काय विचारणं झालं? वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. २/५!"

"म्हणजे अर्ध्यात आणखी थोडं घातलं आणि झालं अर्ध्यापेक्षा कमी?"

बूट पुन्हा घालून जिना उतरावासा वाटला.

मग तिनं माझी शिकवणी सुरू केली. अंश आणि छेद दोन्ही पूर्णांक, छेदात शून्य नको, की झाली परिमेय संख्या. बेरजेला आधी छेद सारखे करायचे. दोन आणि तीनचा लसावि सहा. ३/६ अधिक २/६, उत्तर ५/६. लसावि! शाळेतसुद्धा मला हे एखाद्या पतपेढीचं नाव वाटायचं.

"आता ३/४ भागिले १/८. दुसऱ्याचा गुणाकार व्यस्त घे, म्हणजे उलटा कर, आणि गुण. २४/४. सहा."

इथे मात्र मी हटून बसलो. भागून वाढेल कसं? आमची परळची खोली तिघा भावांत भागली, तेव्हा कुणाच्याही वाट्याला सहा खोल्या आल्या नव्हत्या.

"अरे, नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग. पाऊण शेरात नवटाकं किती?" मटार सोलता सोलता आई म्हणाली. "सहाच की!"

शेर जाऊन किलो आला त्याला साठ वर्षं झाली, पण आईच्या डोक्यातला तराजू तोच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं पाठ. वर साडेतीनचा पाढा, औटकी. "औटघटकेचं राज्य म्हणतात ना, ते किती मिनिटांचं?" तिनं नातीला विचारलं. घटका २४ मिनिटांची. नातीनं ७/२ गुणिले २४ केलं आणि ८४ सांगितलं. घरातलं माझं राज्य त्या रात्री दहा मिनिटंही टिकलं नव्हतं.

झोप लागेना. सकाळी स्लो लोकलमध्ये नेहमीप्रमाणे चौथी सीट मिळाली. म्हणजे तिघांच्या बाकड्यावर चौथा मी; अर्धं बूड बाकावर, उरलेलं मध्य रेल्वेच्या भरवशावर. न्यायानं पाहिलं तर प्रत्येकी ३/४ जागा. मला फार तर १/८ मिळाली असेल. तीनातून १/८ वजा, उरले २३/८. भागिले तीन. उलटं करून गुणलं: २३/२४. मी पुन्हा करून बघितलं. तेच.

म्हणजे हे तिघे माझ्यासाठी प्रत्येकी फक्त १/२४ जागा सोडतात! आणि चेहरे असे, जणू वडिलोपार्जित शेत धरणात गेलंय.

कांजूरमार्ग गेलं. मी शेजारच्याच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

"दादा, आणखी एक चोविसांश सरकता का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, पलीकडच्याला कोपरानं ढोसलं, आणि तिघेही असे सरकले की घाटकोपरपर्यंत मी मांडी घालून बसलो.