पुन्हा तेच, 'एआयवर चालणारं'!

कुणीतरी नवं अ‍ॅप घेऊन येतं आणि पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत 'एआय'. आत डोकावावं तर दुसऱ्याच कंपनीचं मॉडेल, त्याला दिलेली चार ओळींची सूचना आणि एक रंगीत बटण. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, तेव्हापासून हे ऐकून कान किटलेत. मॉडेल भाड्याचं असण्याला माझी हरकत नाही, वीजही आपण विकतच घेतो. पण ग्राहकाची अडचण नेमकी कोणती, असं विचारलं की समोरचा गप्प! मॉडेल ठामपणे चुकीचं उत्तर देतं तेव्हा तपासणार कोण? प्रत्येक प्रश्नामागे टोकनचे, म्हणजे मॉडेल वाचतं-लिहितं त्या शब्दांच्या तुकड्यांचे, पैसे जातात, म्हणजे वापर वाढला की खर्चही वाढणार. हा हिशेब कुणी मांडलाय का? मार्च २०२४ मध्ये आपल्या एआय वापराबद्दल खोटे दावे करणाऱ्या दोन गुंतवणूक सल्लागार कंपन्यांना अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाने, मिळून ४ लाख डॉलरचा दंड भरायला लावला. तरी पाटी तीच. आणि महिनोन्‌महिने डेटा साफ करत, एकेक चूक मोजत बसलेली मुलं? त्यांनाच विचारतात, 'यात एआय कुठेच कसं दिसत नाही?' चीड येते हो!