गाडी गावाबाहेर ठेवा म्हटलं, त्यावर आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, कोकणातल्या किनाऱ्याच्या गावांत पर्यटकांनी गाडी गावाबाहेर ठेवावी, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, रात्री एकदा अन् सकाळी ऑफिसला निघायच्या आधी एकदा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की नागपुरात बसून कोकणातल्या गावांना शिकवायचा मला काय अधिकार, आपण दोन दिवस गाडी हाकत समुद्र बघायला जातो, सोबत गुडघेदुखीवाले वडील, लहान पोरं, अन् गाडी एक किलोमीटर अलीकडे लावा म्हणणं म्हणजे येऊच नका म्हणणं. समुद्र काही गावाच्या मालकीचा नाही, पार्किंगचे शंभर रुपये ही लूट आहे, अन् गर्दी होते तर रस्ता रुंद करा ना. बरोबर ना?

अधिकाराचं आधी सांगतो. मागच्या डिसेंबरात आम्ही दापोली तालुक्यातल्या एका गावात होतो, नाव मुद्दाम लिहीत नाही. गावातला रस्ता म्हणजे दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, त्यामागे नारळी-पोफळीच्या (पोफळ म्हणजे सुपारीचं झाड) वाड्या, मधून एक एसटी जेमतेम जाईल एवढी जागा. होमस्टेच्या अंगणात आधीच तीन गाड्या होत्या म्हणून मी आमची गाडी गडग्याला चिकटवून लावली, आरसे मिटवले, मला वाटलं झालं काम. साडेसातला मुक्कामाची एसटी आली अन् अडकली. कंडक्टर खाली उतरून टॉर्च मारत एकेक नंबर ओरडत होता, 'एमएच एकोणपन्नास कोणाची?' मी जेवणावरून उठून पळत गेलो तर माझ्या मागे अजून दोन गाड्या लागलेल्या, त्यांचे मालक किनाऱ्यावर. एसटीत एक बाई होती, तालुक्याच्या दवाखान्यातून परत येत होती, मांडीवर पोरगं झोपलेलं अन् त्याच्या मनगटावर सलाईनची पांढरी पट्टी तशीच. थोडा वेळ वाट पाहिली तिनं, मग पोराला खांद्यावर टाकलं अन् अंधारात चालत निघून गेली. मला एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही, अन् अधिकार म्हणाल तर तो एवढाच आहे, की ती गाडी माझी होती.

रस्ता रुंद करण्याचं. रुंद कुठून करणार? गडगा पाडला की मागे लगेच वाडी. हिशोब करून बघा, एक गाडी उभी राहायला अन् वळायला मिळून साधारण पंचवीस चौरस मीटर लागतात, म्हणजे एका गुंठ्यात चार गाड्या. त्याच एका गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी उभ्या राहतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या कितीतरी वाड्या आडव्या झाल्या, अन् पोफळ नव्यानं लावली तर फळ धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. आमच्या होमस्टेच्या काकू म्हणत होत्या, वाडी पडली म्हणून खोल्या काढल्या, आता खोल्यांसाठी उरलेली वाडी कशी पाडू? यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

किनाऱ्यावर गाडी लावली तर काय बिघडते, असंही तुम्ही विचारलं. भाऊ, ती पुळण आहे, समुद्राकाठची वाळू, मैदान नाही. वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात रात्री वर येऊन दीडेक फूट खड्ड्यात अंडी घालतात, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात, वरून चाक गेलं की वाळू दबून जाते, अन् चाकोरीत अडकलेलं पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. दुसरं म्हणजे भरती. कोळी लोक भरतीची वेळ काढायला तिथीच्या आकड्याची पाऊणपट करतात, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. आपल्याकडच्या माणसाला हे माहीत नसते, तो वाळूत गाडी लावून भजी खायला जाते अन् परत येईस्तोवर पाणी बोनेटला लागलेलं असते. मग ट्रॅक्टर कोणाचा, तर गावाचाच.

अन् हा ताण आता वाढणारच आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाला, ७०१ किलोमीटर, आपल्या नागपूरवरून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळच्या आत मुंबईच्या तोंडाशी. चांगलंच आहे, मीही त्याच रस्त्यानं जातो. पण शेवटचे तीन किलोमीटर तोच चिऱ्याचा बोळ आहे, तो काही कोणी रुंद करून नाही ठेवला.

आपण विदर्भातले लोक ताडोब्याला हे सगळं मुकाट्यानं ऐकतो ना? आधी बुकिंग, गाड्या मोजून, ठरलेल्या गेटनं, अन् कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, मंगळवारी बंद. तिथं कोणी म्हणत नाही की वाघ सगळ्यांचा आहे, माझी गाडी आत घेऊ द्या. माथेरानला गाडी गावाबाहेर दस्तुरी नाक्यावर ठेवावीच लागते, तरी लोक जाऊनच राहिले. मग जिथं माणसं राहतात, पोरं शाळेत जातात, प्रेत न्यायला हाच रस्ता आहे, तिथंच काहून आपल्याला दारापर्यंत गाडी पाहिजे?

माझं म्हणणं परत नीट मांडतो, पहिल्या लेखात ते घाईत लिहिलं होतं. ज्याचं मुक्कामाचं बुकिंग आहे त्याची गाडी होमस्टेच्या अंगणात, अन् अंगणात जागा असेल तेवढंच बुकिंग घ्यायचं. बाकीच्यांनी गावाच्या तोंडाशी. कोकणात भात खरिपाचं, कापणी झाली की नोव्हेंबर ते मे बरीचशी खाचरं रिकामी असतात, (काही जण वाल, कुळीथ करतात, ते सोडून) अन् जूनमध्ये पुन्हा चिखलणी होतेच. गर्दी वर्षभर नसतेच, दिवाळी, ३१ डिसेंबर, मे महिना अन् जोडून आलेल्या सुट्ट्या, तेवढ्यासाठी सिमेंटचं मैदान कशाला, शेतकऱ्याला भाडं द्या. तिथून किनाऱ्यापर्यंत गावातल्याच सहा आसनी रिक्षा, म्हणजे तुमच्या वडिलांना पायी जावं लागणार नाही. हे मी आधी लिहिलंच नव्हतं, चूक माझी.

अजून एक गोष्ट तुमची पटली. मी लिहिलं होतं की एका दिवसासाठी येणाऱ्यांना थांबवा. तुम्ही म्हणालात, ज्याला खोलीचे तीन हजार परवडत नाहीत त्यानं समुद्र बघायचाच नाही काय? ते वाक्य मी मागे घेतो, लेखातूनही काढतो आज.

शंभर रुपयांबद्दल मात्र नाही. आपल्या नागपुरात सीताबर्डीला गाडी लावायला तासाभरासाठी पैसे देतो, धंतोलीत दवाखान्यासमोर जागा मिळावी म्हणून तीन चकरा मारतो. पावती ग्रामपंचायतीची असेल, त्यातून कचरा उचलला जात असेल, संडास साफ होत असेल तर मी दोनशेही देईन. कोणी नुसता दोरी बांधून उभा असेल अन् पावती मागितली तर वाद घालत असेल, तर ती लूट आहे, तिथं मी तुमच्या बाजूनं.

तुमच्याजवळ ती पावती असेल तर बघा, वर शिक्का कोणाचा आहे ते कळवा. आम्ही संक्रांतीनंतर परत जाणार आहोत, यावेळी आईला घेऊन, गाडी बाहेर ठेवूनच. रिक्षावाला किती घेते अन् आईला चढता-उतरता कसं जमते ते आल्यावर लिहितो.