‘लाकूड मेलंय, सिमेंट घाला’: वाड्यांच्या दुरुस्तीचा चुकीचा सल्ला

जुन्या वाड्यांबद्दल एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे: दोनशे वर्षांचं लाकूड मेलेलं असतं, भार भिंतींवर असतो, म्हणून सिमेंटचा गिलावा करा आणि वर स्लॅब टाका. हे ऐकून चांगले वाडे बिघडताहेत.

आधी भाराचं बघू. वाडा खणांनी, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांनी, उभा राहतो. जोत्यावर दगडी तळखडा (खांबाखालचा दगड), त्यावर सागवानी खांब, मग तुळई (खांबांवरची आडवी जाड तुळी), तिच्यावर कड्या (आडव्या बारीक तुळया), कड्यांवर तक्तपोशी (फळ्यांचं छत) आणि मातीची भर. बाहेरच्या जाड भिंती काही कड्या पेलतात. चौकाभोवतीचा (मधल्या अंगणाभोवतीचा) भार मात्र खांबांवरच असतो. दुकान मोठं करायला मधला एक खांब काढला की उरलेल्या खांबांमधलं अंतर दुप्पट होतं. तुळई अखंड असली, तरी तेवढ्याच भाराखाली तिचा बाक सोळापट किंवा त्याहूनही जास्त वाढतो. त्या खांबावरच तिचा सांधा असेल, तर ती खालीच येते.

‘लाकूड मेलेलं’ हे तर साफ चूक. पुण्याचा विश्रामबागवाडा १८०७चा. १८२१मध्ये तिथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९च्या आगीत काही भाग जळाला, पुढे नगरपालिकेची कचेरी आली. दर्शनी भागातले सुरूच्या झाडाच्या घाटाचे कोरीव खांब आजही बघून या. कोरडं सागवान वयानं कुजत नाही. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओल टिकून राहिली की बुरशी धरते. म्हणून तपासायचं ते खांबाचा पाय, भिंतीत गेलेली कड्यांची टोकं आणि मागाहून माडीवर काढलेल्या मोऱ्या-संडासांखालचं लाकूड. दाभण सहज आत गेलं किंवा ठोकल्यावर पोकळ वाजलं, तर तेवढाच भाग खराब.

सिमेंटचा गिलावा हीच ओल वाढवतो. माती-चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट बसलं की ओल वर चढते आणि आतल्या लाकडात मुरते. गिलावा चुन्याचाच हवा: १ भाग चुना, ३ भाग वाळू, पातळ थरांत, आणि वर ओली गोणपाटं.

स्लॅबचं गणित सोपं आहे. ४ इंची काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला सुमारे २५० किलो. मातीची भर न काढता तो ओतला, तर सगळं वजन जादा.

खांबाचा पाय कुजला असेल, तर आधी तुळईखाली दोन्ही बाजूंना धिरे (तात्पुरते टेकू) द्या. भार धिऱ्यांवर येईल इतकंच उचला. जास्त उचललं तर वरचे सांधे निसटतात. मग कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून सुक्या सागवानाचा तुकडा सांध्यानं जोडा. पाय पुन्हा दगडावरच टेकवा, काँक्रीटमध्ये गाडू नका.