चिखलकाला आणि चिखल्या

गोव्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी द्वादशीला चिखलकाला होतो. अंगाला तेल चोपडून माणसे चिखलात लोळतात, एकमेकांना ओढतात आणि मग अंग धुऊन हसत घरी जातात. चिखल्यांचा, म्हणजे पावसाळ्यात पायाच्या बोटांच्या बेचक्यात होणाऱ्या खाजेचा, मान मात्र बहुधा त्यांना मिळत नाही. तो राखून ठेवलेला असतो आम्हां सभ्यांसाठी, म्हणजे पणजीत बंद बूट घालून आठ तास खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी.

नावातला चिखल निव्वळ बदनामीचा धनी आहे. खरे काम बुरशीचे. तिला लागते ऊब, ओल आणि पांढरी, मऊ पडलेली कातडी. सकाळी आठला बसमध्ये चढताना डबक्यातले पाणी बुटात शिरते, ते संध्याकाळपर्यंत मुक्कामाला असते, आणि बुरशीला एवढी बडदास्त पुरते. ती पहिला मुक्काम टाकते करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, कारण तिथे वारा जात नाही आणि आमचा टॉवेलही जात नाही. पोट पुसणे आम्हांला जमते. वाकणे जमत नाही.

पुसण्यालाही क्रम आहे. डोके, अंग, मग जांघा आणि शेवटी पाय, तेही वेगळ्या फडक्याने. उलटे केले की पायाची बुरशी टॉवेलच्या पाठीवर बसून जांघेत उतरते आणि तिथे गजकर्ण म्हणून नाव कमावते. घरात चौघांचा एकच टॉवेल असेल तर मग वाटणी समान होते.

याच कारणाने पायाला चिखल्या असताना मोजे आधी घालायचे आणि अंतर्वस्त्र नंतर. उघड्या पायावरून चड्डी वर चढवली की ती बुरशीलाही सोबत घेते. शास्त्र बिनतोड आहे. अडचण एवढीच की नेमका तेव्हाच दारात पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवतो, आणि फक्त मोज्यांवर उभा असलेला माणूस पाव घ्यायला जाऊ शकत नाही.

पावडरीबद्दल माझे मत वाईट आहे, म्हणजे ओल्या अंगावरच्या पावडरीबद्दल. तिची कणीक होते आणि घडीत चिकटून बसते. आधी पंख्याखाली दोन मिनिटे उभे राहा, मग पावडर.

आता मलम. खाज सुटली की शेजारीण प्रेमाने एक अर्धी पिळलेली ट्यूब देते. तिच्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असते. दोन दिवसांत खाज गायब होते आणि शेजारीण देवता ठरते. स्टेरॉइड फक्त लाली आणि खाज दाबते, त्वचेचा प्रतिकार झोपवते. बुरशी आत निवांत पसरते. ट्यूब संपते आणि गजकर्ण दुप्पट होऊन परत येते, तेही ओळखीचे गोल वळे पुसून, म्हणजे डॉक्टरही क्षणभर बुचकळ्यात. साधे क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा, वळ्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचे, आणि डाग गेल्यावरही आणखी दोन आठवडे चालू ठेवायचे. हे शेवटचे दोन आठवडे कोणीही पाळत नाही. त्यातून पुन्हा पुन्हा झाले तर रक्तातली साखर तपासून घ्यावी.

गावठी इलाज म्हणून तायकिळ्याचा, म्हणजे टाकळ्याचा, पाला चोळणारेही आहेत. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात, चक्र म्हणजे हेच वळे. पण चोळून कातडी सोलण्यापेक्षा कोवळ्या पानांची, फणसाच्या बिया आणि खोबरे घातलेली भाजी करावी. गजकर्ण जाईल की नाही, जेवण तरी होईल.

राहता राहिले बूट. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा एका रात्रीत बूट वाळेल ही आशा सोडा. दोन जोड ठेवा, आलटून पालटून घाला. आतला तळवा काढून वेगळा वाळवा. चामडे चुलीजवळ ठेवू नका, ते कडक होऊन चिरते. पुढच्या टोकापर्यंत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन-तीन तासांनी बदला. काढलेला बोळा उलगडला की शाई पसरलेली असते, तरी हवामानाचा कोपरा वाचता येतो: उद्याही मुसळधार.