‘ग्रीनी’चा तो आवाज लाकडाचा नाही

गिटारवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ब्रिटिश ब्लूज गिटारवादक पीटर ग्रीनच्या ‘ग्रीनी’चा, म्हणजे १९५९च्या गिब्सन लेस पॉल इलेक्ट्रिक गिटारचा, तो पोकळ, नाकातला आवाज साठ वर्षं मुरलेल्या लाकडामुळे येतो. तसं नाही. तिच्यावर दोन पिकअप आहेत, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबकी भाग. त्यातल्या नेक (मानेकडच्या) पिकअपमधलं चुंबक उलटं आहे. पिकअप निवडायचा स्विच मधोमध ठेवला की दोन्ही एकदम चालू होतात आणि त्यांचे सिग्नल उलट्या फेजमध्ये (एकाची लाट वर, तेव्हा दुसऱ्याची खाली) येऊन एकमेकांना छाटतात, खर्ज गळतो. एकच पिकअप लावा, तो आवाज गायब. लाकूड मात्र तेच! शिवाय ग्रीनने तो आवाज काढला तेव्हा गिटार जेमतेम दहा वर्षांची होती. पुढे ती गिटारवादक गॅरी मूरकडे गेली, आता ‘मेटॅलिका’ बँडच्या कर्क हॅमेटकडे आहे. तिची भुरळ कुणालाही पडेल. पण मेसेज पुढे ढकलू नका, आणि ‘जुन्या लाकडा’पायी जादा पैसेही मोजू नका.