गिटार सोडा, आधी बास ऐका

इंदूरच्या मराठी घरांत 'ग्रेटफुल डेड' या अमेरिकन रॉक बँडचं नाव काढलं की दोन उत्तरं ठरलेली. तरुण मंडळी विचारतात, "हे कोण?" आणि गाण्यातली बुजुर्ग मंडळी म्हणतात, "अहो, सुचेल तसं तासभर वाजवायचं ना? ते आपल्याकडे पूर्वापार आहे." पहिल्या उत्तराचं मला काही वाटत नाही. दुसऱ्याशी मात्र भांडायचं आहे. कारण हे म्हणणाऱ्या काकालोकांचा कान तयार आहे, अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, झूमरा तालाला ते मांडी न मोडता बसतात, आणि इथे मात्र पाच मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतात.

आपल्याकडे आहे ते वेगळं आहे. आपल्या मैफलीत मागे तानपुरा असतो. अमीर खाँसाहेब मारवा रागात षड्जाला, म्हणजे 'सा'ला, बगल देत रिषभ-धैवतात रमतात, तेव्हा ती हुरहुर जाणवते, कारण मागे षड्ज अखंड चालू आहे. ठेका तबलजीकडे. गवय्याने कितीही लांब जावं, घर जागेवरच असतं.

डेडकडे तानपुरा नाही. रॉकमध्ये ते घर एरवी बासवाला, म्हणजे खालचे स्वर देणारी बास गिटार वाजवणारा, सांभाळतो: मूळ स्वर धरायचा, तालाला घट्ट राहायचं, पुढच्याला खेळू द्यायचं. डेडचा बासवाला फिल लेश याने हे काम जवळजवळ नाकारलंच. हा माणूस आधी ट्रम्पेट वाजवणारा, इटालियन संगीतकार लुचानो बेरिओंकडे आधुनिक रचना शिकलेला, आणि १९६५ मध्ये बँडमध्ये आला तोवर बास गिटार त्याने वाजवलेलीच नव्हती. त्यामुळे बासने काय करायचं असतं याच्या सवयी त्याच्या बोटांना लागलेल्याच नव्हत्या. गिटारवाला जेरी गार्सिया वर एक ओळ विणतो, तेव्हा लेश खाली दुसरीच ओळ विणत असतो. कधी वर चढून गिटारच्या शेजारी येऊन बसतो, कधी समेवर यायच्या जागी गप्पच राहतो.

याचा परिणाम काय होतो ते एका स्वरावर सांगतो. गार्सियाने पंचम धरला आहे असं समजा. खाली बास षड्जावर आहे तोवर तो पंचम, शांत, स्थिर. आता गिटार तिथेच आहे आणि बास कोमल निषादावर सरकला. बासच्या त्या स्वराला षड्ज मानून ऐका: वरचा तोच स्वर आता शुद्ध धैवत झाला! गार्सियाने काहीही केलेलं नाही आणि त्याच्या स्वराचा अर्थ बदलला. आता त्याला ठरवावं लागतं की इथे थांबायचं, मान्य करायचं की निघायचं. आपल्याकडे मूर्च्छनेने षड्ज बदलतात, पण तो निर्णय मुख्य कलाकाराचा. इथे जमीन दुसराच कुणी हलवतो, न विचारता. हे सवाल-जवाब नाहीत, ही साथही नाही. मुख्य कलाकार कोण, हेच ठरलेलं नाही.

त्यांचं 'डार्क स्टार' हे गाणं घ्या. १९६८ मध्ये ते सिंगल म्हणून आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. २७ फेब्रुवारी १९६९ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये तेच तेवीस मिनिटं चाललं आणि 'लाइव्ह/डेड' या अल्बमच्या एलपीची एक अख्खी बाजू त्याने व्यापली. पहिलं कडवं यायलाच सहा मिनिटं लागतात. स्वर साधारण खमाज थाटाचे, पण म्हणून त्यात राग शोधत बसू नका, हाती काही लागणार नाही. ड्रम्स अगदी मागे आहेत, गुइरो या खाचांवर काडी घासून वाजवायच्या वाद्याची खरखर तेवढी ऐकू येते. ताल कुणीच ठणकावून सांगत नसताना सगळे एकत्र कसे राहतात, हे ऐकण्यासारखं आहे. ते एकमेकांचं ऐकून एकत्र राहतात, आणि ते ऐकणं आपल्यालाही ऐकू येतं. मला या संगीतात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

८ मे १९७७ च्या कॉर्नेल विद्यापीठातल्या कार्यक्रमाबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तो कार्यक्रम अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपायच्या ध्वनिमुद्रणांत घेतला आहे, बेटी कँटर-जॅक्सनचं रेकॉर्डिंगही लख्ख आहे. 'स्कार्लेट बिगोनियाज'मधून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये ते ज्या अलगदपणे जातात, ते सुंदरच आहे. पण तिथे वाट आखलेली आहे. दोन्ही ड्रमर घट्ट, पाय सहज हलायला लागतात, हरवायची भीती नाही. मला ती भीती हवी असते.

म्हणून मला वेनेटाचा कार्यक्रम आवडतो. ओरेगन, २७ ऑगस्ट १९७२, रणरणतं ऊन. दुसरा ड्रमर मिकी हार्ट तेव्हा बँडबाहेर होता, ड्रमर एकटा बिल क्रॉइट्झमन. एकच ड्रमर असल्यामुळे तो चटकन वळू शकतो, लेशला मोकळी जागा मिळते. 'डार्क स्टार' अर्ध्या तासाच्या वर जातं, मध्ये पूर्ण विस्कटतं, आणि त्या विस्कटण्यातून थेट तीन मात्रांचं एक काउबॉय गाणं उगवतं.

(मिकी हार्ट तबलानवाज अल्लारखाँसाहेबांकडे शिकला, झाकीरभाईंबरोबर त्याने किती तरी काम केलं, हे सगळं खरं. पण "आपलंच आहे" म्हणून ऐकू नका. परकं आहे म्हणून ऐका.)

डेडचं गाणं अनेकदा बेसूर असतं, हे मी लपवणार नाही. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक रात्री नुसत्या रेटलेल्या आहेत. तरी त्याही ऐकता येतात, कारण या लोकांनी श्रोत्यांना रेकॉर्डिंग करू दिलं. १९८४ पासून तर टेपवाल्यांसाठी वेगळी जागाच ठेवली. तीस वर्षांत सुमारे २३०० कार्यक्रम झाले आणि त्यांतले बहुतेक कुणी ना कुणी टिपलेले आहेत. तेच गाणं वेगवेगळ्या रात्री कुठे वळलं, कुठे अडकलं, हे ताडून पाहता येतं. आपल्या थोर गवयांच्या किती मैफली अशा सापडतात? हळहळ वाटते.

एक विनंती. फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बास जवळजवळ नाहीसा होतो आणि मग उरते ती नुसती लांबलेली गिटार. हेडफोन लावा, वेनेटापासून सुरुवात करा, आणि पहिल्या वेळी गार्सियाकडे लक्षच देऊ नका. रामबागेच्या आसपासच्या मंडळींनी कळवा, रविवारी सकाळी आमच्याकडे मोठ्या स्पीकरवर लावतो. काकालोकांना तर खास आमंत्रण.