फौजीले पाहिजे कडबा कुट्टी

चोरानं चोरी करावी, माझं काही म्हणणं नाही, पण वरून अपमान कायले? मागच्या बुधवारी एक जण मला फोनवर म्हणे, "अंकल, आपसे नहीं होगा, घर में कोई बच्चा है तो उसको फोन दो." मला! भावकीच्या ग्रुपवर रोज सकाळी सात वाजता "सावधान, ओटीपी कुणालाही देऊ नका" टाकणारा माणूस मी आहे.

पोळ्यानंतर बैलजोडी विकली, त्यामुळे जनावरांचा चारा बारीक कापायचं कडबा कुट्टी मशीन गोठ्यात नुसतं पडून होतं. दोन एचपीची मोटर, पाती मागच्याच साली बदललेली. पोरगी यवतमाळला शिकते, ती संक्रांतीला आली तेव्हा तिनं जुन्या वस्तू विकायच्या साइटवर जाहिरात टाकून दिली, किंमत 9,500. फोटोत मागं म्हैस पण आली, अन् तीच चूक झाली, कारण पहिल्या चार दिवसांत जे फोन आले त्यातले निम्मे म्हशीसाठी होते. बाकीच्यांतला एक, ना राम राम ना काही, डायरेक्ट "लास्ट किती?" एकाला फक्त मोटर पाहिजे होती, मशीन तुम्हीच ठेवा म्हणे. दिग्रसकडचा एक जण बदल्यात बकरी द्यायला तयार होता, बकरी गाभण आहे असं त्यानं तीनदा सांगितलं. मी वैतागलो होतो हो. आता वाटते, हे सगळे किती सज्जन लोक होते.

तर बुधवारी संध्याकाळी मी पानठेल्यावर होतो. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खात नाही मी, पण गावात नेटवर्क तिथंच येते. आमच्या दारव्ह्यावरून यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे जायची, तिची वाट पाहात आमच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, नेटवर्कचंही तेच आहे, फरक एवढाच की शकुंतला उशिरा का होईना पण यायची. फोन वाजला. "सर, मैं फौजी बोल रहा हूँ, आपका सामान मेरी मिसेस को बहुत पसंद आया, घर में हॉल में रखेंगे."

कडबा कुट्टी. हॉलमध्ये.

"सिंगल ओनर है ना सर?" मी म्हटलं हो. "स्क्रॅच वगैरा?" मी म्हटलं, गोठ्यातली वस्तू आहे भाऊ, थोडंफार राहणारच. "कोई बात नहीं, नौ हजार पाँच सौ डन." डन! मी खालीवर करायच्या आधीच डन. आमच्याकडं पाच रुपयांच्या कोथिंबिरीचाही भाव केल्याशिवाय बाया पुढं सरकत नाहीत, अन् हा माणूस वस्तू न पाहता साडेनऊ हजाराला हो म्हणून मोकळा. तिथंच फोन ठेवायला पाहिजे होता. पण नानाजी बाजूला बसले होते.

नानाजी म्हणजे आमच्या गल्लीतले, वय पंच्याहत्तरच्या पुढं, खर्रा घोटता घोटता सगळ्या गावाचे निर्णय घेणारे. त्यांनी मला फोन स्पीकरवर टाकायला लावला. मी हळूच म्हटलं, "नानाजी, फौजीले कुट्टी कायले लागते?" ते माझ्याकडं असे पाहून राहिले की जसा मी बालवाडीतून पळून आलो.

"अबे, मिलिटरीत खेचरं राह्यते ना! पहाडावर तुह्या बापाची जीप जाते काय? खेचर जाते. अन् खेचराले काय मेसमधली पोळी देते?"

मग फोनमध्ये तोंड घालून, "क्यों जी, खच्चर के वास्ते ना?"

पलीकडं जरा वेळ शांतता. मग, "हाँ हाँ, वही."

"पाह्य!" नानाजींनी मांडीवर अशी थाप मारली की खर्रा सांडला. पुढची दहा मिनिटं त्यांनी त्या माणसाला कडबा कसा कापायचा ते शिकवलं. ज्वारीचा कडबा बारीक कापजो, नाहीतर जनावर वैरण उष्टी टाकते. हिरवा चारा एकदम जास्त देजो नोको, पोट फुगते. बिचारा चोर "जी सर, जी सर" करून राहिला होता. मला तर वाटते त्याच्या त्या दिवसाच्या कमाईचा बराच खोळंबा नानाजींनी केला. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर आयकार्ड आलं, कॅन्टीन कार्ड आलं, वर्दीतला फोटो आला. नानाजींनी फोटोला उभं राहून सॅल्यूट ठोकला, ठेलेवाल्यालाही ठोकायला लावला, अन् मला म्हणे, "हा मानूस बॉर्डरवर थंडीत मरून राह्यला अन् तू त्याच्यावर शंका घेतं? लाज वाट्टे का तुले?" ठेल्यावरच्या चौघांनी मान हलवली. आता तुम्ही सांगा, अशा वेळी माणूस काय करणार? त्या फोटोतला जवान खरा असेलही, बिचाऱ्याला माहीत पण नसेल की आपल्या नावावर दारव्हा तालुक्यात कुट्टी खरेदी चालू आहे.

फौजी म्हणे, आर्मीचं पेमेंट वेगळं असते, मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करा, पैसे जमा होतील. आधी खात्री म्हणून त्यानं एक रुपया पाठवला. आला! खरंच आला. मग साडेनऊ हजाराचा क्यूआर नानाजींच्या नातवाच्या मोबाईलवर घेतला अन् नानाजींनी तो माझ्यासमोर धरला. हात थरथरते, फोन हलते, अन् खर्ऱ्यानं माखलेला अंगठा बरोबर कोपऱ्यातल्या चौकोनावर. त्या चौकटीला तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात, त्यातला एक झाकला की कॅमेरा शोधतच बसते. मी म्हणतो अंगठा काढा, ते अंगठा काढून बोट ठेवतात. फोनवर फौजी ओरडून राहिला, "अंकल, सीधा पकड़ो!" अन् तेव्हाच त्यानं ते बच्चावालं वाक्य म्हटलं. झोंबलं मला. मी रागारागात नानाजींच्या हातातून फोन घेतला, स्कॅन केलं, पिन टाकला.

खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

शिल्लक 213 रुपये होती, त्यातला एक त्याचाच.

पलीकडून आवाज एकदम बदलला. "अंकल... अकाउंट में कुछ नहीं है?" मी सांगितलं, कपास का पैसा आना है, दो महिने हुए, व्यापारी सोमवार को बोलता. "दूसरा अकाउंट?" नानाजी लगेच पुढं झाले, "माह्या खात्यात श्रावणबाळचे पंधराशे आहे!" त्यांच्याकडं यूपीआय नाही म्हणून वाचले. फौजी जरा थांबला, मग म्हणे, "कोई बात नहीं अंकल, अपना ख्याल रखना," अन् फोन ठेवला. चोरानं माझी कीव केली.

पोरीला रात्री सांगितलं तर ती ओरडलीच. "बाबा, पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही! स्क्रीनवर 'पे' लिहिलेलं दिसलं नाही काय?" दिसलं होतं हो, पण नानाजींचा सॅल्यूटही दिसून राहिला होता ना समोर. ती म्हणे, आधी हे लोक पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवत, माणसा-माणसातली ती सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली, आता क्यूआरवर जोर आहे. पैसे गेले असते तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावायचा, कारण उशीर केला की पैसा या खात्यातून त्या खात्यात पळत सुटतो. गेले नाहीत म्हणून तिनं सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयित फोन कळवायच्या चक्षू सोयीत, त्याचा नंबर कळवला. सगळं बरोबर आहे तिचं. पण पैसे घ्यायला काहीच करावं लागत नाही, आपोआप येतात, हे मला पटणार कसं? मी कापूस वेचला, गाडीत भरला, काट्यावर मोजून दिला, पंधरा दिवस म्हणता म्हणता दोन महिने चपला झिजवल्या, तरी आले नाहीत. तिथं एक पिन टाकायला सांगितला तर मला ते सोपंच वाटलं.

नानाजींना अजून मान्य नाही. रोज विचारतात, मिलिटरीची गाडी आली का, मशीन विकू नको, त्यानं जबान दिली आहे. बकरीवाल्याला मी परत फोन लावला तर बकरी व्याली म्हणे, आता तिचा भाव वाढला.

अन् सोमवारी सकाळी व्यापाऱ्याचा फोन लागत नव्हता, बायको दोनदा विचारून गेली होती, तेवढ्यात मेसेज आला. मी धावत ठेल्यावर जाऊन उघडला. फौजीचा होता, नवीन नंबरवरून.

"अंकल, कपास का पैसा आया क्या?"

ब्लॉक करायच्या आधी मी टाइप केलं, "नहीं आया भाऊ."